मागच्या सीटचा आराम

१९ एप्रिल

ही वही मिरेयने दिली. "पपा, कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तू एक तर आईला सांगत बसतोस, नाहीतर मला फोन करून. थोडं कागदालाही सांग," म्हणाली. एकुलती एक मुलगी, तोंडाने थेट माझ्यावर गेलेली. बरं. सांगतो.

आज गॅरेजच्या दारातला बर्फ वितळला आणि गोल्ड विंग बाहेर आली. हिवाळाभर झाकून ठेवलेली मोटरसायकल, पण बटण दाबलं आणि पहिल्या झटक्यात सुरू. सहा सिलिंडर आणि आवाज शिवणयंत्राचा. अंगणात आणून उभी केली तेव्हा माझी बायको ओदेत स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. मी हॉर्न दिला. तिने साबणाचा हात वर केला.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. अल्मा गावातल्या आमच्या मोटरसायकल क्लबचा म्होरक्या मी आहे, बरीच वर्षं. सरोवराला वळसा असो की समुद्राकडच्या गास्पेझीची मोठी सफर, पहिली गाडी माझी, मागच्या सीटवर माझी बायको, आणि आमच्यामागे सगळी रांग. एवढ्या वर्षांत कोणाची घसरली, कोणाची खड्ड्यात गेली. माझी गाडी कधी आडवी झाली नाही. बढाई मारत नाही. आहे ते लिहितो.

२७ एप्रिल

गाडी आडवी झाली.

चालताना नव्हे, उभी असताना, म्हणजे आणखी वाईट. रोबेर्व्हालच्या वाटेवर पेट्रोल पंपात वळलो, थांबलो, उजवा पाय टेकला, आणि टेकलेला पाय जणू दुसऱ्याचाच. ते सगळं धूड हळूहळू, अगदी सभ्यपणे, उजवीकडे कलंडलं. ओदेत मागच्या सीटवरून थेट गवतात. क्लबातला इव्हों धावत आला, आणखी दोघं आले, चौघांनी मिळून गाडी उभी केली.

खाली खडी होती. आणि ओदेत नेमकी त्याच क्षणी उजवीकडे कलली असणार. मी तसं म्हणालोही. तिने कोपरावरची माती झटकली. "असेल. मीच कलले असेन."

पंपवाल्याला सांगितलं, खडी झाडून घेत जा. तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला. "कुठली खडी, साहेब?"

कोणी हसलं नाही. इव्हों कारखान्यापासूनचा दोस्त, मी शिंकलो तरी हसतो. आज तोही हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

४ मे

नवे बूट घेतले, एक नंबर मोठे. जुने आवळत असणार, म्हणून उजवं पाऊल सारखं झोपी जातं. नव्या बुटातही झोपतंय. चामडं सैल व्हायला वेळ लागतो.

११ मे

मातृदिन. मिरेय जेवायला आली. तुर्तिएर झाली, ओदेतची नेहमीची, मांस-बटाटे भरून रात्रभर भाजलेली. मग शुगर पाय. मी पायचा दुसरा तुकडा घेत होतो तेव्हा ओदेत म्हणाली, "क्लेमां, माझ्या पाठीला आता दोन चाकं झेपत नाहीत."

"पाठीला चाकं कशी कळतात?"

"कळतात. तीनचाकी घेऊ या. मोठी, लांबच्या प्रवासाची. जुलैत गास्पेझीला जायचं तर तिच्यावरून जाऊ."

मी मिरेयकडे पाहिलं. ती बशीतल्या चुऱ्याकडे फार लक्ष देऊन बघत होती.

पाठीचं मला काही माहीत नव्हतं. कालच ओदेतने बटाट्यांचे सगळे वाफे एकटीने खणले. पण एवढ्या संसारात मी एक शिकलोय, बायकोने दुखतं म्हटलं की पुरावा मागायचा नाही. मी म्हटलं, "ठीक आहे. तुझ्यासाठी बघतो."

"माझ्यासाठीच बघ," ती म्हणाली.

१४ मे

इव्होंला सांगितलं. सांगायला हवंच होतं, पण सकाळच्या कॉफीच्या वेळी सगळ्या टोळक्यासमोर सांगायला नको होतं.

"तीन चाकं?" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की काउंटरवरची बाई वळली. "हँडलला घंटी लावणार की रंगीत झिरमिळ्या?"

"ओदेतच्या पाठीसाठी घेतोय."

"हो तर! माझा चुलतभाऊसुद्धा बायकोच्या डोळ्यांसाठीच चष्मा लावतो."

टेबल हसून हसून हललं. मी अर्धी कॉफी तशीच टाकून उठलो. बाहेर इव्हों मागून आला. "मस्करी केली रे. पाय बरा आहे ना तुझा?"

"माझ्या पायाला काय धाड भरलीय?"

 तो माझ्या नव्या बुटांकडे बघून परत आत गेला.

१७ मे

अभ्यास केल्याशिवाय मी कुठलंही यंत्र घेत नाही. तर अभ्यास असा.

माझी गोल्ड विंगच ठेवायची आणि तिचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं बसवून घ्यायची, हा एक मार्ग. इंजिन तेच, सीट तीच, जुनी मैत्री टिकते. दुसरी हार्लेची ट्राय ग्लाइड. तिलाही मागे दोन चाकं, आणि मागच्या सीटला आरामखुर्चीसारखे हात. ब्रेक हातानेही लागतो. तिसरी आपल्या क्युबेकच्याच कंपनीची स्पायडर. तिचा प्रकार उलटा, दोन चाकं पुढे आणि एक मागे. क्लच नाही, गिअर डाव्या हाताच्या बोटांनी बदलायचे. पण हँडलला ब्रेकचा दांडाच नाही. जो काय ब्रेक तो उजव्या पायाने.

मला मनातून पहिली आवडते. ओदेतच्या पाठीसाठी दुसरी योग्य. तिसरी आम्ही नुसती बघून येणार होतो.

दुकानात ओदेतने एक विचित्र गोष्ट केली. हार्लेच्या मागच्या सीटवर तिने मला बसवलं.

"बसायचंय तुला," मी म्हटलं.

"तुझं वजन जास्त. तुला आराम वाटला तर मला वाटेलच."

तर्क बरोबर होता. मी बसलो, हात टेकले, रेललो. उत्तम, म्हटलं.

"आणि पाय? नीट टेकतात? उजवा?"

टेकतात, म्हटलं. मग तिने स्पायडरच्या मागच्या सीटवरही मला बसवलं. पुन्हा तेच प्रश्न. तोवर ती स्वतः पुढे चढून बसली होती, हँडल धरून. उतरेचना.

"ही घेऊ," म्हणाली.

मी खाली उतरून तिला समजावलं. "बाईसाहेब, हिचा ब्रेक फक्त उजव्या पायात आहे."

"ऐकलं मी."

"माझा उजवा पाय..." आणि मी थांबलो. "माझे बूट नवे आहेत."

"ही घेऊ," ती म्हणाली.

यंत्रातलं तिला अगदीच कळत नाही असं नाही. शाळेची बस चालवण्यात तिची नोकरी गेली, आणि लहानपणापासून बापाच्या स्नोमोबाइलवर रानात हिंडलेली. पण लांब पल्ल्याची मोटरसायकल निवडणं हा वेगळा विषय आहे. विकणाऱ्या माणसाला सांगितलं, पुढच्या वेळी हार्ले चालवून बघतो.

२१ मे

ओदेत हल्ली संध्याकाळची बहिणीकडे जाते, ल्युसिएनकडे. दोघी मिळून गोधडी शिवताहेत. आज आली तर केस डोक्याला चपट चिकटलेले, जणू टोपी घालून झोपली होती, आणि नाकाचा शेंडा लाल. ल्युसिएन घर पुरेसं गरम ठेवत नाही, मी नेहमी म्हणतो.

रात्रीचे बटाटे सोलताना मला विचारते, "तीनचाकी वळणावर कलत नाही. मग वळवताना हातांनी नक्की काय करायचं?"

मागे बसणारीला या गोष्टी माहीत असलेल्या चांगल्या. मी सविस्तर सांगायला लागलो आणि मध्येच लक्षात आलं की दोन चाकांचं मला सगळं ठाऊक आहे, तीन चाकांचं ऐकीव. "ते चालवणाऱ्याने बघायचं," म्हटलं.

"बाहेरच्या हाताने ढकलायचं, आतल्याने ओढायचं, आणि अंग आत न्यायचं," ती म्हणाली. "स्नोमोबाइलसारखं. असणार." आणि पुढचा बटाटा घेतला.

३१ मे

आज हार्ले चालवली. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुकानाच्या मागच्या आवारात दोन चाकांवरून तीन चाकांवर येणाऱ्यांना आधी फेऱ्या मारायला लावतात. शिकवणारी बाई मादाम सिमार, उंच, आवाज शिट्टीसारखा. ओदेतला बघून म्हणाली, "आज हेल्मेट नाही आणलंत?" ओदेत म्हणाली, "आज यांचा दिवस." गाव लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मस्यू, एकच सांगते. थांबताना पाय खाली टेकवायचा नाही. ही पडत नाही. पाय टेकलात तर मागचं चाक पायावरून जाईल."

"मादाम, मी जन्मभर मोटरसायकल चालवली आहे."

"म्हणूनच सांगते. ज्यांनी कधी चालवली नाही ते एका दुपारी शिकतात. तुमच्यासारख्यांना आधी विसरावं लागतं."

तिचं खरं निघालं. वळणावर माझं अंग आपोआप कललं आणि गाडी नाकासमोर कुंपणाकडे निघाली. दोन फेऱ्यांनी थोडी ताब्यात आली. मला वाटलं, जमलं. थांबवली. आणि पाय खाली गेला. मी नेला नाही, गेला. गाडी अजून वीतभर पुढे सरकत होती.

ओदेत किंचाळली. तिची किंकाळी कशी असते हे मला माहीतच नव्हतं.

मी खाली पाहिलं तर मागचं उजवं चाक माझ्या बुटावर उभं होतं. मादाम सिमारने धावत येऊन गाडी मागे घेतली. "दुखतंय?"

"नाही," मी म्हटलं. खरंच दुखत नव्हतं. मी हसलोसुद्धा, कारण मला वाटलं सुटलो. पण त्या दोघींचे चेहरे हसण्यासारखे नव्हते. बूट काढला, मोजा काढला. करंगळीपाशी रक्त होतं, नख उलटलेलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. शेजाऱ्याचा पाय बघावा तसा.

ओदेत जमिनीवर बसून रुमाल बांधत होती. "हे कळलं तुला?" तिने बोटाने दाबून विचारलं.

मी म्हटलं, "थोडं."

३ जून

डॉक्टर. तरुण बाई आहे पण घाई करत नाही. मला डोळे मिटायला सांगितले. "पायाला स्पर्श झाला की हो म्हणा." मी बऱ्याचदा हो म्हटलं. मला वाटलं परीक्षा चांगली गेली.

घरी येताना कार ओदेत चालवत होती. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, "तू हो म्हणत होतास ना, तेव्हा तिने हात लावलाच नव्हता."

रक्तात साखर आहे. बऱ्याच काळापासून असावी. पायाच्या नसा गेल्यात, उजव्याच्या जास्त. औषधं, रोज पाऊल तपासायचं, गोड बंद. आणि काहीही चालवायचं नाही, कारही नाही. पुढे कधी? "मस्यू गोतिए, त्या पायावर पुन्हा भरवसा ठेवा असं मी सांगेन, असं मला वाटत नाही," डॉक्टर म्हणाली. सरळ तोंडावर सांगितलं. त्याबद्दल तिचा मान ठेवतो.

पंपावर खडी नव्हती. ओदेत कललीही नव्हती.

५ जून

काही नाही.

६ जून

इव्होंला फोन केला. म्होरकेपण तू घे, म्हटलं. "बघू," म्हणाला. बघू नाही, घे. "बरं," म्हणाला, आणि कधी नव्हे ते मस्करी न करता फोन ठेवला.

गॅरेजमध्ये जाऊन गोल्ड विंग पुसली. स्वच्छच होती.

८ जून

चर्चमधून आल्यावर ओदेत म्हणाली, "चल, बस गाडीत." कुठे ते सांगेना. आइस हॉकीच्या मैदानामागच्या पार्किंगमध्ये नेलं. तिथे मादाम सिमार नारिंगी शंकू मांडून उभी, आणि शेजारी एक स्पायडर. ओदेतने कारची डिकी उघडली आणि आतून एक गडद निळं हेल्मेट काढलं, जे मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"गोधडी," ती म्हणाली. "ही अशी शिवत होते."

मला राग आला. इथे खोटं कशाला लिहू, फार राग आला. "कधीपासून?"

"तू पंपावर पडलास तेव्हापासून."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

मिरेयला. ल्युसिएनला. आणि इव्होंला! हे हेल्मेट म्हणे त्यानेच निवडून दिलं. सकाळी माझ्यासमोर झिरमिळ्यांच्या गप्पा मारायच्या आणि दुपारी माझ्या बायकोबरोबर हेल्मेटं बघत हिंडायचं!

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू शिकवायला आला असतास," ओदेत म्हणाली.

मादाम सिमार तोंड फिरवून शंकू सरळ करायला लागली. ते सरळच होते.

मग ओदेत निघाली. मी चुका शोधायलाच उभा राहिलो. चुका शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पहिलं वळण पाहिलं, काही सापडलं नाही. शंकूंमधून नागमोडी गेली, तिथे दहापैकी आठजण घाबरून वेग कमी करतात. तिने केला नाही. खांदे आत, नजर पुढच्या शंकूवर, हात सैल. मग मादाम सिमारने अचानक हात वर केला आणि ओदेतने जागच्या जागी थांबवली. दोन्ही पाय वर, आपापल्या जागी. खाली यायची त्यांना सवयच नव्हती. त्या पायांनी वर्षानुवर्षं शाळेच्या दारापुढे बस थांबवली होती, पाठीमागे गावची सगळी पोरं घेऊन.

"यंदाच्या वर्गात हिच्यासारखं कोणी नाही," मादाम सिमार म्हणाली.

"ती माझी बायको आहे."

"माहीत आहे मला."

"हो, नुसतं सांगितलं," मी म्हटलं.

राग संध्याकाळपर्यंत टिकवायचा माझा विचार होता. जेवणापर्यंतही पुरला नाही.

१० जून

तिन्ही पर्याय नव्याने तपासले, या वेळी पुढे ओदेत आणि मागे मी असं धरून. क्लच नको, कारण तिला त्याची सवय नाही. पायाचा ब्रेक हवा, कारण तिला त्याचीच सवय आहे. हँडल स्नोमोबाइलसारखं. स्थिरता पुढच्या दोन चाकांत. सगळ्या बाजूंनी विचार करून स्पायडर उत्तम ठरते.

ओदेतला निर्णय सांगितला. ती म्हणाली, "असं का? बरं झालं तू अभ्यास केलास."

रंग तिने निवडला. लाल. माझा सल्ला राखाडीचा होता.

२४ जून

सँ-जाँचा सण आणि क्लबचा सरोवराभोवतीचा वळसा. घरोघर क्युबेकचे निळे-पांढरे झेंडे, रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेली माणसं, आणि त्या सगळ्यांसमोरून मी, मागच्या सीटवर.

घरातून निघण्याआधी मी दोनदा चष्मा शोधायला आत गेलो. चष्मा डोळ्यांवर होता. ओदेत इंजिन चालू ठेवून शांत बसली होती. "म्हाताऱ्या, येतोस की मी जाऊ?" मग आलो.

इव्हों पुढे, त्याच्यामागे आम्ही. पहिल्याच गावात कोणीतरी ओरडलं, "क्लेमां! बायकोने पळवून नेलं काय तुला?"

"हो! आणि परत आणून सोडणार नाही म्हणते!" मी ओरडलो. खुर्च्यांची अख्खी रांग हसली आणि ओदेतने हॉर्न दिला. ते एक वाक्य तोंडातून गेलं आणि पुढचा सगळा वळसा सोपा झाला.

एकच अडचण. मागे बसल्यावर हातांचं काय करायचं हे कळेना. दुपारी चीजच्या दुकानाशी थांबलो, दाताखाली कचकचणारे ताजे गोळे खात उभे होतो, तेव्हा विचारलं, "तू काय करायचीस?"

"एका हाताने तुझा पट्टा धरायचे. दुसऱ्या हातात नकाशा."

"नकाशा कशाला? रस्ता मी शोधायचो."

"हो," ओदेत म्हणाली. "मी ज्या खांद्यावर थोपटायचे त्या बाजूला तू शोधायचास."

मी चीज चघळत उभा राहिलो. आठवून पाहिलं. ती थोपटायची खरी. मला वाटायचं, प्रेमाने.

"प्रेमानेच," ती म्हणाली.

१३ जुलै

गास्पेझीच्या वाटेवर. सकाळी फेरीबोटीने नदी ओलांडली. बोटीच्या डेकवर गाड्या लावणारा माणूस थेट माझ्याकडे आला आणि मला खुणा करायला लागला, असं घ्या, तसं घ्या. मी अंगठ्याने पुढे दाखवलं. ओदेतने एका दमात दोन ट्रकांच्या मधे नेऊन लावली. माणसाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मीही उंचावल्या. जणू मीच लावली होती.

दुपारी रिमूस्कीच्या पुढे समुद्रासारखी रुंद नदी एका बाजूला, उन्हाने तापलेला सरळ रस्ता, आणि मला झोप लागली. तिच्या पाठीला हेल्मेट टेकून. थांबलो तेव्हा ओदेत सगळ्यांना सांगत होती, "माझ्यामागे झोपला! क्लेमां गोतिए झोपला!" जणू मोठं बक्षीस मिळालं. मी म्हटलं, सीट आरामशीर आहे. इव्हों म्हणाला, सीटमुळे नाही झोपलास, गाढवा.

१५ जुलै, पेर्से

आज जरा सावकाश लिहितो.

पेर्सेच्या अलीकडे घाट आहे. उतार तीव्र, वळणं बेताल, एका बाजूला कडा. वर पोचलो तर खाली सगळं धुकं. पाच-सहा गाड्यांपुढचं दिसेना. इव्होंने मोकळ्या जागेत रांग थांबवली, हेल्मेटची काच वर करून चालत आमच्याकडे आला आणि सवयीने मला विचारलं, "क्लेमां, कसं उतरायचं?"

मी तोंड उघडलं. या घाटाबद्दल मला पुष्कळ माहिती आहे, कितीतरी वेळा उतरलोय. सगळे माझ्याकडे बघत होते. मधला हा सगळा काळ मला कोणी काही विचारावं म्हणून मी तडफडत होतो.

"मी मागे बसतो," मी म्हटलं. "जी पुढे बसलीय तिला विचार."

इव्हों वळला. ओदेतने थोडा वेळ धुक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी आधी उतरते. माझे मागचे दिवे रुंद आहेत, ते नजरेसमोर ठेवा. एकमेकांत जागा सोडा. कोणी कोणाच्या पुढे जायचं नाही, आणि इव्हों, तू शेवटी राहा, कोणी मागे पडलं तर."

अगदी शाळेच्या पोरांना सांगावं तसं. आणि दाढ्या पिकलेले सगळे गडी मुकाट्याने हेल्मेटं चढवून रांगेत लागले.

आम्ही उतरलो. माझा उजवा पाय सबंध घाटभर ब्रेक दाबत होता. दाबतोय हे मला मांडीवरून कळलं, पाऊल काही सांगत नाही. माझ्या आणि कड्याच्या मधे फक्त ओदेतचे दोन हात होते. तिसऱ्या वळणावर धुक्यातून एकदम एक मालाचा ट्रक वर आला, अर्धा आमच्या बाजूला. ओदेत दचकली नाही. वेग कमी केला, कडेला सरकली, एवढ्याशा जागेतून गाडी सरळ काढली आणि परत आपल्या ओळीत. मी मागे वळून पाहिलं. एकामागून एक दिवे तसेच कडेला सरकत होते, तसेच परत येत होते. सगळे. शेवटी इव्होंचा.

खाली धुकं संपलं आणि समुद्र दिसला. ओदेतने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. हातमोजे काढायला लागली, पण मोजा निघेना. मी काढून दिला. तोवर बाकीचे भोवती जमले. कोणी पाठ थोपटली, कोणी गालाचा मुका घेतला. इव्होंने हेल्मेट छातीशी धरून मान झुकवली.

"आणि तू?" ओदेत माझ्याकडे वळली. "तू काहीच बोलला नाहीस."

माझ्याकडे भाषण तयार होतं. खरंच होतं, घाटातच जुळवलं होतं, तिच्या हातांबद्दल, मला कसं वाटलं त्याबद्दल. तोंडातून आलं ते असं, "तिसऱ्या वळणावर ब्रेक जरा उशिरा लावलास."

 इव्होंने डोळे मिटून घेतले.

ओदेतने इव्होंकडे पाहिलं. मग हसायला लागली. हसत हसत फुटपाथच्या कडेला बसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. "हेच वाक्य," ती म्हणाली, "हेच मी लग्नापासून गिळत आले. एकदासुद्धा बोलले नाही."

"कुठल्या वळणाचं?" मी विचारलं.

"कुठल्या वळणाचं म्हणतो हा! चल, बसू कुठेतरी."

समुद्राकडे तोंड करून एका हॉटेलच्या गच्चीवर बसलो. माशाचं सूप मागवलं. ओदेतने सुरुवात केली लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यापासून, ला त्युकचा रस्ता, समोर लाकडं भरलेला ट्रक आणि मी पुढे काढायला निघालेला. मी आधी एक-दोन ठिकाणी हरकत घेतली. मग घेईनासा झालो. प्रत्येक वळण तिला पाठ होतं, पाऊस होता की ऊन, समोरून कोण येत होतं, आणि थांबल्यावर मी किती खुशीत काय बोललो होतो. मी नुसता रस्ता बघत आलो होतो. ती रस्ताही बघत होती आणि मलाही.

"इतकी भीती वाटायची तर बसायचीस कशाला?"

"भीती कोण म्हणालं? मी म्हणाले, उशिरा." तिने पाव मोडून अर्धा माझ्यापुढे ठेवला. "ऐक. पुढचं ऐक."

सूप आलं तेव्हा ती मिरेयच्या जन्मापर्यंत पोचली होती. वाढणारी मुलगी सूप ठेवून जायला निघाली तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, हे गार होणार आहे, मागाहून पुन्हा गरम करून द्यावं लागेल. ही माझी बायको. आत्ता धुक्यातून आम्हा सगळ्यांना घाट हिने उतरवून आणलं. ती बाहेर लाल गाडी दिसतेय ना, ती हिची.

मुलीने काही विचारलं नव्हतं. तरी सांगितलं.